डोक्यावरचा पत्रा आणि रॉचडेलची नेली



मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एकीच्या घराचं काम निघालं. घरकुलाचा हप्ता आला होता, पावसाळ्याच्या आत स्लॅब पडायला हवा होता, आणि जुन्या घरावरचे सिमेंटचे पत्रे उतरवायचे होते. हुक गंजलेले. ते एकेक कापत बसण्यापेक्षा मिस्त्रीनं सरळ घण घातला. दुपारपर्यंत सगळं छप्पर खाली. चांगले तुकडे न्हाणीच्या आडोशाला ठेवले, बारीक तुकडे आतल्या खोलीच्या भरावात गेले. त्यावर मुरूम, त्यावर फरशी. अंगणात पांढरट भुकटीचा थर बसला होता, तो सासू-सुनेनं खराट्यानं झाडून काढला. सुनेचं लेकरू तिथंच खेळत होतं.

आमच्यातली एक म्हणाली, "भाऊ, पाणी तरी मारा थोडं." मिस्त्री हसला. "काकू, काई नाई होत. सिमेंटच तं हाये."

सिमेंटच तं हाये, असं आम्हीही इतकी वर्षं म्हणत होतो. पण त्या पत्र्यात सिमेंटाशिवाय आणखी एक वस्तू असते, तिचं नाव ॲस्बेस्टॉस. ती कुठून आली, तिच्याबद्दल कुणाला काय ठाऊक होतं आणि कधीपासून, ते आज सांगायचं आहे. गोष्ट लांबची आहे, पण सुरू आपल्याच स्टेशनावरून होते.

आपल्या गावाच्या नावापुढं आपण 'रेल्वे' लावतो. मुंबईहून निघालेला लोहमार्ग भुसावळ, बडनेरा, वर्धा करत १८६७ मध्ये नागपूरला पोचला. ही गाडी आपल्या सोयीसाठी आली नव्हती, आपल्या कापसासाठी आली होती. त्याच्या आधी, १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला. लँकेशायर भागातल्या गिरण्या उपाशी पडल्या आणि साहेबाची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीकडं वळली. मग गावोगावी जिनिंग-प्रेसिंग उभे राहिले, गाठी बांधल्या जाऊ लागल्या, गाठी मुंबईला आणि तिथून बोटीनं इंग्लंडात. शेतकऱ्याच्या हातात चार पैसे आले, सावकाराच्या हातात त्याहून जास्त. तो वेगळा विषय आहे, त्यावर पुन्हा कधी बोलू.

लँकेशायरातच रॉचडेल नावाचं एक गाव आहे. कापसाच्या गिरण्यांचं गाव. तिथं टर्नर नावाच्या भावांनी १८७१ मध्ये एक कारखाना काढला. वाफेच्या इंजिनात दांडा जिथून आत-बाहेर होतो तिथून वाफ गळते. ती गळू नये म्हणून दांड्याभोवती सुताची जाड वेणी ठासून भरतात. ती वेणी हे लोक करत. पुढं इंजिनं मोठी झाली, वाफ जास्त तापू लागली, आणि सूत जळू लागलं. तेव्हा त्यांनी कॅनडातून एक विचित्र दगड मागवला. हा दगड कुटला की त्याचे कापसासारखे तंतू सुटतात. ते जळत नाहीत, कुजत नाहीत, त्यांना कीड लागत नाही. १८७९ पासून ते हा दगड कापसाच्याच यंत्रांवर कातू-विणू लागले. दगडाचा तंतू गुळगुळीत, एकटा पिळाला धरत नाही, म्हणून त्यात थोडा कापूस मिसळत.

हा दगडाचा कापूस म्हणजे ॲस्बेस्टॉस. आपण बहुतेकींनी तो पाहिलाही आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत दिव्यावर ठेवायची तारेची जाळी होती ना, मधोमध पांढरा गोल ठिपका असलेली? तो ठिपका त्याचाच.

आता कापूस कातायचं काम कुणाचं? तिथंही बायांचंच. आपल्या शेजारच्या वर्धा-सेवाग्रामकडं ज्यांनी चरखा पाहिला असेल त्यांना पेळू ठाऊक आहे. पेळू ओढून बारीक करायचा, मग पीळ द्यायचा. रॉचडेलच्या कारखान्यात नेली केरशॉ नावाची बाई हेच काम करत होती, फक्त तिचा पेळू दगडाचा होता. १२ वर्षांची असताना ती ॲस्बेस्टॉसच्या कामाला लागली. १९१७ मध्ये टर्नर बंधूंच्या कारखान्यात आली. लग्न झालं, मूल झालं. तिशी आली तसा दम लागू लागला, खोकला जाईना. डॉक्टरनं लिहून दिलं की हे ॲस्बेस्टॉसच्या धुळीनं झालं आहे. तेवढ्या एका शब्दामुळं तिची फरफट सुरू झाली. आजारपणाचा विमा मिळेना, कारण हा कामाचा आजार, तेव्हा पैसे मालकानं द्यावेत. मालकाकडं गेली तर मालक म्हणे, असा आजारच नाही. घरी बसून आठवड्यांमागून आठवडे गेले, एक पैसा आला नाही. १४ मार्च १९२४ रोजी ती गेली. वय ३३. तिच्या थडग्यावर नावाचा दगडही बसला नाही.

तिच्या मृत्यूची चौकशी मात्र झाली. डॉ. विल्यम कुक यांनी तिची फुप्फुसं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. फुप्फुस ठिकठिकाणी वळ पडल्यासारखं कडक झालेलं आणि त्यात दगडाचे तंतू रुतलेले. त्यांनी हे १९२४ मध्ये वैद्यकीय मासिकात छापलं, आणि १९२७ मध्ये या आजाराला नाव दिलं: ॲस्बेस्टॉसिस. असा आजारच नाही असं जे नेलीला सांगितलं गेलं, तो आजार तिच्याच फुप्फुसामुळं पुस्तकात गेला.

आणि नेलीच्या आधीच एका बाईनं हे सांगून ठेवलं होतं. लुसी डीन ही इंग्लंडच्या पहिल्या महिला कारखाना-निरीक्षकांपैकी एक. १८९८ च्या सरकारी अहवालात तिनं लिहिलं की ॲस्बेस्टॉसची धूळ सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या टोकदार कपच्यांसारखी दिसते आणि ती हवेत राहिली की माणसाला अपाय होतो. अहवाल छापला गेला, कपाटात गेला. तेव्हा नेली शाळेत जाणारी पोर होती.

शेवटी सरकारनं पाहणी केली. मेरेवेदर आणि प्राइस या दोघांनी ३६३ कामगार तपासले, त्यातले ९५ जण ॲस्बेस्टॉसिसचे निघाले. हा अहवाल १९३० चा. १९३१ मध्ये इंग्लंडात नियम झाले: धूळ ओढून घेणारे पंखे लावा, कामगारांची तपासणी करा. जगातले या धुळीवरचे पहिले नियम ते.

आता पुढची तारीख नीट लक्षात ठेवा. १९३१ ला इंग्लंडात नियम झाले आणि १९३४ ला टर्नर बंधूंच्या त्याच उद्योगानं, तोवर तो 'टर्नर अँड न्यूऑल' या नावानं फार मोठा झाला होता, हिंदुस्थानात ॲस्बेस्टॉस सिमेंटची कंपनी उभी केली. पहिला कारखाना मध्य प्रदेशात कटनीजवळ कैमोरला. मग मुंबईत मुलुंडला. पुढं घाटकोपरला गाड्यांच्या ब्रेकचे पट्टे करणारा कारखाना. नेलीचा आजार ज्यांना ठाऊक होता त्यांनीच हा माल इकडं आणला. माल आला, आजाराची माहिती आली नाही. आम्हाला या सगळ्या गोष्टीत सर्वांत जास्त लागतं ते हेच.

सिमेंटात हा तंतू घालायची युक्ती मात्र इंग्लंडची नाही. ऑस्ट्रियाच्या लुडविग हाट्शेक यानं १९०० च्या सुमारास ती काढली. कागद करतात तसंच: सिमेंट, पाणी आणि ॲस्बेस्टॉसचा लगदा, त्याचे पातळ थर एकावर एक गुंडाळायचे, दाबायचे, नाळ्या पाडायच्या. तंतू साधारण ८ ते १० टक्के, पण तेच पत्र्याला धरून ठेवतात, लोखंडी सळया स्लॅबला धरतात तसे.

आपल्याकडं हा पत्रा लोकांना का आवडला, हेही खरं सांगितलं पाहिजे. आपल्या आज्यांची घरं कवेलूची. उन्हाळ्यात थंड, यात शंका नाही. पण दर वर्षी रोहिण्या लागायच्या आत कवेलू फेरायचे, फुटलेले बदलायचे, त्याला मजूर शोधायचा. आणि वानरं! एक टोळी घरावरून गेली की दहा-वीस कवेलूंचा चुरा, आणि पहिल्या पावसात चुलीवर गळती. बल्ल्या-फाटे महाग झाले, कवेलू घडवणारे कुंभार कमी झाले. टिनं टाकावी तर मे महिन्यात खाली भट्टी, पावसात बोललेलं ऐकू येत नाही, आणि काही वर्षांनी गंज. त्या मानानं सिमेंटचा पत्रा गंजत नाही, वाजत नाही, टिनापेक्षा कमी तापतो, परवडतो. ज्या बाईनं गटाचं पहिलं कर्ज काढून घरावर असे पत्रे टाकले, तिनं काही चूक केली नाही. कुणी तिला काही सांगितलंच नव्हतं. आमच्यातल्या कितीतरी जणींची बाळंतपणं याच पत्र्याखाली झाली.

धूळ कारखान्यातच राहते असं पूर्वी धरून चालत. तो समज मोडला तो १९६५ मध्ये. लंडनमध्ये म्यूरिअल न्यूहाउस आणि हिल्डा थॉम्प्सन या दोघी बायांनी एक अभ्यास छापला. फुप्फुसाच्या आणि पोटाच्या अस्तराला होणारा एक दुर्मीळ कॅन्सर आहे, तो बहुतेक करून ॲस्बेस्टॉसमुळंच होतो. त्याच्या ७६ रुग्णांची चौकशी त्यांनी केली. बरेचसे कामगार होते, हे अपेक्षितच. पण ९ जण स्वतः कधी त्या कामाला गेलेलेच नव्हते, त्यांच्या घरातलं कुणीतरी जात होतं. त्यांत मुख्यतः बायका. त्यांनी काय केलं होतं? नवऱ्याचे कामाचे कपडे झटकले आणि धुतले. आणखी ११ जण असे निघाले की ते फक्त कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहत होते.

कपडे धुण्याचं हे वाचलं तेव्हा आमच्या बैठकीत कुणी काही बोललं नाही बराच वेळ.

हा रोग आज धूळ गेली आणि उद्या झाला असा नाही. वीस, तीस, चाळीस वर्षांनी तो डोकं वर काढतो. तोवर कारण विसरलेलं असतं. खोकला म्हटला की टीबी, दम म्हटला की दमा किंवा चुलीचा धूर. मुंबईत डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी अशाच एका गिरणीतल्या कामगारांना तपासून २००५ मध्ये अहवाल छापला. पाचांत एकाच्या आसपास कामगारांना ॲस्बेस्टॉसिस निघाला. म्हणजे रॉचडेलमध्ये १९३० ला जे दिसलं, ते मुंबईत पंचाहत्तर वर्षांनी पुन्हा दिसलं.

कोर्टातही हा विषय गेला. अहमदाबादच्या एका ग्राहक संस्थेनं १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. २७ जानेवारी १९९५ ला निकाल आला: कामगाराच्या तपासणीची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यातलं जे नंतर संपेल तोवर जपून ठेवा, विमा करा, रोग झालेल्याला एक लाख रुपये भरपाई द्या. कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं त्यात म्हटलं आहे. पुढं या वस्तूवर बंदीच घाला अशी मागणी झाली, ती २०११ मध्ये न्यायालयानं फेटाळली. इंग्लंडनं १९९९ मध्ये बंदी घातली. कॅनडानं २०१८ मध्ये. तिथं तर खाणीच्या गावाचं नावच ॲस्बेस्टॉस होतं, २०२० मध्ये गावकऱ्यांनी मतदान करून ते बदललं. जगातल्या साठाहून जास्त देशांत बंदी आहे. आपल्याकडं पत्रा आजही दुकानात मिळतो आणि तंतू परदेशातून येतो, मुख्यतः रशियातून.

या विषयावर बोलायचं ठरल्यावर गटातल्या दोघी-तिघींनी फरशीबद्दल विचारलं. एकीची लेक अमेरिकेत आहे. तिनं जुनं घर घेतलं, दुरुस्ती काढली, तर कार्पेटखाली नऊ इंची चौकोनी जुन्या फरश्या निघाल्या आणि कामगार थांबले. आईला वाटलं, आपल्याही फरशीत हे असेल. नाही. अमेरिकेत साधारण १९८० पर्यंत प्लॅस्टिकसारख्या ज्या फरश्या बसवत, त्यांत आणि त्यांखालच्या काळ्या चिकट डिंकात ॲस्बेस्टॉस घालत. आपली शहाबादी, कोटा, कडप्पा हा दगड आहे. आजकालच्या चकचकीत टाइल्स भाजलेल्या मातीच्या आहेत. त्यांत हे नाही. (कापताना त्यांचीही धूळ नाकात जाऊ देऊ नये, दगडाच्या धुळीचा आजार वेगळा आहे.) आपल्याकडं ही वस्तू पायाखाली नसून डोक्यावर आहे. पण तुकडे भरावात टाकले की डोक्यावरची पायाखाली येते.

त्या अमेरिकेतल्या फरशीबद्दल तिथं जे सांगतात ते आपल्या कामाचं आहे. फरशी अखंड असेल तर उखडू नका, घासू नका, तिच्यावरच दुसरी बसवा. कारण तंतू जोवर सिमेंटात किंवा फरशीत धरलेला आहे तोवर तो उडत नाही. तोडलं, कापलं, घासलं, भुगा केला की उडतो. डोळ्याला दिसत नाही इतका बारीक असतो आणि शांत हवेत तासन् तास तरंगतो. म्हणून ज्यांच्या घरावर असे पत्रे आहेत त्यांनी आज रात्री घाबरून झोप मोडू नये. पत्रा शाबूत असेल तर राहू द्या. शेवाळ काढायला तारेच्या ब्रशनं खरवडू नका, भोकं पाडू नका. आणि त्यावर कुणाला चढू देऊ नका, कारण जुना पत्रा पायाखाली एकदम फुटतो आणि माणूस सरळ खाली येतो.

उतरवायचेच असतील तर घण नको. आधी पाणी मारा, भरपूर, पाठीवरच्या फवारणीच्या पंपानं मारलं तरी चालतं (पंप मात्र औषधाचा नको, कोरा घ्या). पाण्यात थोडी साबणाची पूड घातली तर ते चांगलं मुरतं. हुक कटरनं कापा किंवा तेल घालून सोडवा, पत्रा अख्खा खाली घ्या, फेकू नका. लेकरं आणि गरोदर बाई त्या दिवशी दुसऱ्याच्या घरी. नाकाला पदर बांधून हा तंतू अडत नाही, कोरोनात आणले होते ते एन-९५ मास्कही त्याला पुरेसे धरत नाहीत, पी-१०० दर्जाचा मास्क लागतो. नंतर झाडू लावायचाच नाही. ओल्या फडक्यानं पुसायचं आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं. कामाचे कपडे झटकायचे नाहीत, वेगळे भिजवायचे, ओलेच धुवायचे. हे शेवटचं आम्ही त्या लंडनच्या बायकांसाठी पुन्हा पुन्हा सांगतो.

तुकड्यांचं काय करायचं, ही खरी अडचण आहे. शहरात घातक कचऱ्याची व्यवस्था असते, आपल्या खेड्यात ती नाही. उकिरड्यावर टाकले तर त्यावरून ट्रॅक्टर जातो, पांदणीत टाकले तर बैलगाडी. आम्ही एवढं ठरवलं आहे की ओले करून जाड प्लॅस्टिकच्या दुहेरी पोत्यात बांधायचे, वर ठळक लिहायचं आणि ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्यायचा की गावानं एक जागा ठरवावी. भरावात, चुलीच्या ओट्यात किंवा जनावरांच्या गव्हाणीत ते वापरायचे नाहीत.

आता ज्या मैत्रिणीच्या घरात तुकडे आधीच भरावात गेले आहेत, तिनं आम्हाला विचारलं की फरशी उखडू का. आम्ही नाही म्हणालो. वर मुरूम आहे, कोबा आहे, फरशी आहे, ते तिथं झाकलेलं आहे आणि झाकलेलंच बरं. फक्त घराच्या कागदपत्रांच्या पिशवीत एक चिठ्ठी ठेव म्हणालो, की आतल्या खोलीच्या फरशीखाली सिमेंटच्या पत्र्याचे तुकडे आहेत. तीस वर्षांनी तिची सून किंवा नातसून ही फरशी काढायला निघेल, तेव्हा तिला ते ठाऊक असेल. न्हाणीच्या आडोशाचे तुकडे आम्ही चौघींनी जाऊन ओले करून बांधले.

दिवाळीनंतर आमच्यातल्या दुसऱ्या एकीचं घर उतरलं. मिस्त्री तोच. या वेळी पंप घेऊन आम्ही उभ्या होतो. कटकट वाटली त्याला, दीड दिवस जास्त गेला आणि त्या दीड दिवसाची मजुरी गटानं अर्धी उचलली. चौदा पत्रे अख्खे उतरले. ते गोठ्यामागं ताडपत्रीखाली रचून ठेवले आहेत. मास्क त्यानं आधी नको म्हटला होता. आम्ही त्याला नेलीची गोष्ट सांगितली, तेव्हा विचारलं, "त्या बाईच्या पोराचं मंग काय झालं?" आम्हाला सांगता आलं नाही. जेवणानंतर त्यानं मास्क लावला. पंचायतीकडं दिलेल्या अर्जाची पोच आमच्याकडं आहे, येत्या ग्रामसभेत तो वाचला जाणार आहे. तुमच्या गावात जागा ठरली असेल तर कशी ठरवली ते आम्हाला जरूर लिहून कळवा.